डागांचं टेबल आणि कलम बावीस

करार हा दोन पक्षांमध्ये होतो, असा सुशिक्षित समाजात एक समज आहे. प्रत्यक्षात तो एक वकील आणि एक कपाट यांच्यात होतो. वकील एका पक्षाकडे असतो, कपाट दुसऱ्याकडे. सही झाली की करार कपाटात जातो आणि तिथे विम्याची पॉलिसी, जुने एक्स-रे आणि बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड यांच्या सहवासात शांतपणे आयुष्य काढतो. तो मध्येच काढून वाचणं म्हणजे जेवण झाल्यावर पातेल्यात पाल होती का ते पाहणं. होती तरी आता काय करणार?

कपाटावर अशी अढळ श्रद्धा असलेल्या सज्जनांत एक लाँड्रीवाला होता. गिऱ्हाइकं त्याला ‘कडक’ म्हणत. ही पदवी त्याच्या स्टार्चला दिलेली होती, स्वभावाला नव्हे. त्याच्या हातचा शर्ट हँगरशिवाय उभा राहतो अशी ख्याती होती. तो स्वतः मात्र समोरच्याने जरा आवाज चढवला की बसल्या जागी घडी होऊन जाई.

दुकान फ्रँचायझीचं होतं. फ्रँचायझी म्हणजे जागा आपली, घाम आपला, पाटी दुसऱ्याची. पुढे काउंटर, त्यामागे नंबर लावलेल्या कपड्यांच्या रांगा, दोन वाफेच्या इस्त्र्या, आणि अगदी मागे, एकुलत्या एका खिडकीशी, पांढऱ्या पत्र्याचं एक लांबट टेबल. हे डागांचं टेबल. तिथे कडकची बायको बसे. तिच्यासमोर सात ब्रश, अकरा बाटल्या, खडूची पूड आणि एक दिवा असे. लोक बसचे दोन-दोन स्टॉप पुढे जाऊन या दुकानात यायचे ते पाटी बघून नव्हे, या टेबलासाठी.

टेबलाचा नियम एकच होता: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शाईला स्पिरिट, ग्रीसला आधी खडूची पूड, रक्ताला थंड पाणी. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग कपड्याचा जन्माचा सोबती होतो. म्हणून काउंटरवर कपडा आला की कडक पहिला प्रश्न टाके, "डाग कशाचा?" गिऱ्हाईक खोटं बोललं तर मागून बायकोचा आवाज येई, "चहाचा नाहीये हो तो. नीट विचारा." (या पद्धतीमुळे आजूबाजूच्या चार रस्त्यांवर कोण काय खातं, कोण कुठे पडतं आणि कुणाचं भांडण कुठवर आलंय याची अद्ययावत माहिती या टेबलाशी असे. तिचा गैरवापर झाल्याची नोंद नाही. वापर झाल्याच्या बऱ्याच आहेत.)

करार अकरा वर्षांपूर्वीचा. मुदत पंधरा वर्षं, कलमं चौतीस. तो करताना कंपनीच्या मोठ्या मालकांनी कागद पुढे सरकवून म्हटलं होतं, "वाचायचंय काय त्यात? मी आहे ना!" दुकान अकरा वर्षं चाललं ते या न लिहिलेल्या पस्तिसाव्या कलमावर. बॉयलर बिघडला, मी आहे ना. गिऱ्हाइकाचा कोट आखडून त्याच्या मुलाला बसू लागला, मी आहे ना. हे कलम इतकं सर्वसमावेशक होतं की उरलेल्या चौतिसांची आठवण काढणं कृतघ्नपणाचं वाटे.

मग मोठ्या मालकांचे गुडघे गेले. त्यांनी सेहेचाळीस दुकानं, दोन व्हॅन आणि नावलौकिक एका बड्या कंपनीला विकला आणि ते लेकीकडे राहायला गेले. या बड्या कंपनीचा कपड्यांशी आजवरचा संबंध ते अंगात घालण्यापुरता होता. पण मोठ्या भांडवलाला अनुभवाची उणीव भासत नाही, आणि भासली तर ते सल्लागार नेमतं.

पहिलं पत्र आलं. ‘प्रिय कुटुंबसदस्य’ अशी सुरुवात. एका पानात ‘काहीही बदललेले नाही’ हे वाक्य सात वेळा, त्यातलं दोनदा ठळक अक्षरात.

"चला, काहीच बदललं नाही म्हणतायत," कडक सुटल्यासारखा म्हणाला.

"मग पत्र कशाला पाठवलंय?" बायकोने खिशावरच्या शाईतून मान वर केली नाही. "शेजारीण कधी मुद्दाम सांगायला येते का, की आज मी तुमच्याकडचं काही उचललं नाही म्हणून?"

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे कडकच्या मेहुण्याला, बोलावणं गेलं. मेहुणा एका नोंदणी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला होता. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे करार ओळ न ओळ वाचून त्यावर शिक्के मारले होते. त्याने चष्मा पुसला, कपाटातून करार काढला, त्यावरचा मिक्सरचा कागद बाजूला केला आणि तीन दुपारी वाचन केलं.

पहिल्या दुपारी त्याने सिद्धांत मांडला. कंपनी विकली गेली म्हणून करार मरत नाही. नवा मालक जुन्याच्या गादीवर बसतो. कलमं तीच, मुदत तीच, हक्क तेच. "गादी तीच, भावोजी. फक्त बसणाऱ्याचं वजन बदलतं."

"आणि ‘मी आहे ना’चं काय?" कडकने विचारलं.

"ते गादीत धरत नाहीत. ते उशीत होतं. उशी त्यांनी लेकीकडे नेली."

दुसऱ्या दुपारी अडचणी निघाल्या. कलम अठरा उंदरांबद्दल होतं आणि त्यात धान्याच्या पोत्यांखाली फळ्या टाकण्याची अट होती. (जुन्या वकिलाने मसुदा एका गोदामाच्या करारावरून उतरवला होता. कडकने अकरा वर्षं पोती ठेवली नव्हती, म्हणजे काटेकोरपणे पाहता फळ्यांचाही भंग केला नव्हता.) खरी गोम कलम नऊमध्ये होती: शाखाचालकाने कंपनीच्या कार्यपुस्तिकेप्रमाणे काम करावे, पुस्तिका कंपनी वेळोवेळी बदलू शकेल. मोठ्या मालकांची पुस्तिका आठ पानांची होती आणि त्यातलं एक पान दिनदर्शिका होतं. नवी पुस्तिका त्याच आठवड्यात येऊन पडली. पानं चारशे बारा. म्हणजे पत्रात खोटं काही नव्हतं. करारातला स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. करार ज्याच्याकडे बोट दाखवत होता ते तेवढं बदललं होतं.

पुस्तिका हा मानवी प्रज्ञेचा एक उंच टप्पा आहे हे मान्य करायला हवं. ग्राहकाकडे पाहून स्मित चार सेकंद करावे. दात दिसावेत, हिरड्या दिसू नयेत (पान ३१, आकृतीसह). शर्ट घेताना ‘शर्ट’ न म्हणता ‘आपली वस्त्रभेट’ म्हणावे (पान ५४). शिंक आल्यास ती कर्मचारी-विभागात जाऊन द्यावी (पान ७०). कंपनीकडून येणारी प्रत्येक चिठ्ठी पावतीसोबत ग्राहकास आदरपूर्वक द्यावी (पान ८८). आणि पान दोनशे तीन: डागाबद्दल ग्राहकाकडे चौकशी करू नये, तो त्याचा खासगी प्रश्न आहे. डाग असलेले वस्त्र मध्यवर्ती शुद्धीकरण केंद्राकडे रवाना करावे. शाखेतील डाग काढण्याचे टेबल, ब्रश व बाटल्या हलवून त्या जागी ‘अनुभव कोपरा’ उभारावा.

मागे ब्रश थांबला.

"माझं टेबल?" बायको म्हणाली. "आणि तिथे काय अनुभवणार?"

"त्याचा खुलासा पान दोनशे नऊवर आहे," मेहुणा पानं उलटत म्हणाला. "नाही, तिथे पण अनुभवच लिहिलंय."

बाई आजवर कशावर हक्क सांगणारी नव्हती. दुकानाची पाटी कंपनीची, काउंटर नवऱ्याचं, कपडे लोकांचे. टेबल तेवढं तिचं होतं, आणि खिडकी.

तिसऱ्या दुपारी मेहुण्याने चष्मा काढला आणि मांडीवर थाप मारली. कलम बावीस: वस्त्रांवरील डाग शाखेतच, हाताने काढले जातील. (मोठ्या मालकांनी व्हॅनचं पेट्रोल वाचावं म्हणून हे घातलं होतं. थोर हक्कांचा उगम बहुधा असाच कुठेतरी असतो.) शिवाय कलम एकतीस: पुस्तिका आणि करार यांत विरोध आल्यास करार श्रेष्ठ.

"झालं!" मेहुणा म्हणाला. "अजून चार वर्षं त्या टेबलाला ब्रह्मदेवसुद्धा हात लावू शकत नाही. भावोजी, आता तुम्ही एकच करायचं."

"काय, दादा?"

"काही नाही."

"म्हणजे, नक्की काय काय करायचं नाही?"

"काहीच नाही! त्यांनी विचारलं तर कलम दाखवायचं. नाही विचारलं तर इस्त्री करायची."

काही न करणं ही जगातली सर्वात अवघड कामगिरी आहे. ती फक्त दोन प्रकारच्या लोकांना जमते: अत्यंत मुरलेल्यांना आणि अत्यंत आळशांना. कडक दोन्हींत बसत नव्हता. तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी त्याच्या मनात असं आलं की आपण कलम बावीसप्रमाणे वागतो आहोत हे कंपनीला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना वागणं म्हणजे डाग कशाचा हे न विचारता त्यावर पाणी ओतणं. अकरा वर्षांचं वळण. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘सा. न. वि. वि. आमच्या करारातील कलम २२ नुसार डाग शाखेतच हाताने काढले जातात. तरी हे कलम आपल्या मते चालू आहे किंवा कसे, याबाबत शंका असल्याने कृपया खुलासा व्हावा. कळावे, लोभ असावा.’

उत्तर वीस मिनिटांत आलं. कंपनीने त्याचे मनापासून आभार मानले होते आणि कलम सत्तावीसकडे प्रेमाने लक्ष वेधलं होतं: एखाद्या कलमाबाबत शाखाचालकाने लेखी शंका उपस्थित केल्यास ते कलम संदिग्ध समजले जाईल. संदिग्ध कलमाचा अर्थ कंपनी ग्राहकांची इच्छा जाणून घेऊन लावेल व तो बंधनकारक राहील.

मेहुणा धावत आला. "तुम्ही विचारलंत?"

"नुसतं विचारलं हो, दादा."

"अहो, ते कलम आरशासारखं स्वच्छ होतं! त्यात शंका कुठे होती?"

"नव्हती. मी आपली सभ्यपणा म्हणून लिहिली."

"सत्तावीस वाचलं होतं मी," मेहुणा खुर्चीत बसत म्हणाला. "पण सांगितलं नाही. म्हटलं, शुद्धीवरचा माणूस कशाला..." बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं. न विचारता हात लावायचा नाही हे नवऱ्याला तिनेच शिकवलं होतं.

ग्राहकांची इच्छा जाणून घेण्याची प्रक्रिया पंधरा दिवस चालली. कंपनीने चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाठवले, सोबत बोधचिन्ह असलेली वीस पेनं. चिठ्ठीवर मजकूर होता: ‘मला मिळणारी सेवा अधिकाधिक उत्तम व्हावी व त्यासाठी कंपनीने योग्य वाटतील ते बदल करावेत, यास माझी संमती आहे.’ खाली सहीची जागा, आणि सह्यांतून सोडत काढून एकाला प्रवासी बॅग. कडकने चिठ्ठी दोनदा वाचली. सेवा उत्तम व्हावी याला कोण नाही म्हणेल? पान अठ्ठ्याऐंशीला स्मरून त्याने प्रत्येक पावतीबरोबर एक चिठ्ठी आदरपूर्वक दिली. पेनाचं टोपणही तोच काढून देई.

सोळाव्या दिवशी कंपनीचा समन्वय अधिकारी आला. पोरगेला, गोड, फाइल छातीशी धरलेला. त्याच्या कॉलरची इस्त्री मशीनची होती, वरून चकचकीत आणि टोकाशी दुमडलेली. कडकला ते बघवेना.

"काका, अभिनंदन! सहाशे चाळीस चिठ्ठ्या, आणि एकूण एक सहमत." (एकीवर सहीच्या जागी ‘बाहीचं बटण शिवून द्या’ असं लिहिलं होतं. तिची गणना उत्साही सहमतीत करण्यात आली होती.) "आणि घाबरू नका, कलमात आपण काही म्हणजे काहीच बदलत नाही. ‘शाखेतच, हाताने.’ तसंच राहणार. फक्त अर्थ असा, की आपण सगळे एक कुटुंब, तेव्हा कंपनीची कुठलीही जागा ही शाखाच. आणि मशीनचं बटण शेवटी हातानेच दाबतात ना!"

कडकने मान डोलावली. मान डोलावण्याची त्याला सवय होती.

"बाळ," मागून आवाज आला, "तुझ्या बाहीवर डाग पडलाय."

"कुठे, काकू?" पोरगा दचकून हात फिरवून पाहू लागला.

"असू दे. कशाचा ते विचारणार होते, पण मनाई आहे म्हणे."

दोन दिवसांनी टेबल गेलं. दारातून निघेना, म्हणून पाय काढून नेलं. खिडकीपाशी अनुभव कोपरा झाला: एक निमुळती खुर्ची, एक आरसा, प्लॅस्टिकचं एक झाड. पहिल्या महिन्यात त्याचा लाभ एका गृहस्थांनी घेतला, तोही बुटाची नाडी बांधण्यापुरता. मध्यवर्ती केंद्राची कामगिरी मात्र आकड्यांत बोलते. पाठवलेल्या दर शंभर डागांपैकी अकरा गेले, एकोणनव्वद सुखरूप परत आले, आणि वर पंचवीस वाटेत नवीन मिळाले, दुसऱ्यांच्या कपड्यांचे. परत आलेल्या डागासोबत ‘हा डाग कायमस्वरूपी असल्याचे प्रमाणित करण्यात येते’ असं जाड कागदावरचं प्रमाणपत्र येई. काही गिऱ्हाइकांनी ते फ्रेम करून घेतलं. उरलेली येईनाशी झाली.

ती जात होती पुलापलीकडे. तिथे याच कंपनीची, याच पाटीची, याच कराराची एक शाखा होती. तिथला लाँड्रीवाला मुळात लिफाफे फोडायचाच नाही. मोठ्या मालकांच्या काळापासून त्याचा तसा शिरस्ता होता. आलेला लिफाफा तो डुगडुगत्या कपाटाखाली सारी, आणि कपाट आता इतकं स्थिर झालं होतं की नवे लिफाफे घ्यायला ते तयार नव्हतं. चारशे बारा पानांची पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट तो पँटच्या घडीवर वजन म्हणून ठेवी. क्रीज सुरेख पडे. त्याने कधी शंका विचारली नाही, म्हणून त्याचं कलम बावीस संदिग्ध झालं नाही. कायद्याच्या दृष्टीने तो आदर्श पुरुष होता.

त्याच्याकडे एका सकाळी कडकची बायको ब्रशांचा डबा घेऊन जाऊन उभी राहिली.

"भाऊ, डागाचं काम कोण करतं तुमच्याकडे?"

"आई करायची. आता तिला दिसत नाही, वहिनी. मीच करतो."

"म्हणूनच." तिने काउंटरवरच्या शर्टावर उरलेली डागाची साडेतीन बोटांएवढी पिवळट कड पाहिली. "मी करीन. पण खिडकी लागेल मला."

"ती काय, तिथे. काय ठरवायचं मग आपलं?"

"ठरवायचं काही नाही आणि लिहायचं तर मुळीच नाही. तो खोका तेवढा हलवा तिथून."

तेव्हापासून ती रोज नऊला पूल ओलांडते. घरी येते तेव्हा बोटांना स्पिरिटचा वास असतो आणि चार रस्त्यांच्या बातम्या. कडकच्या शाखेला ‘अनुपालनात अव्वल’ असा पितळी फलक मिळाला. तो त्याने काउंटरमागे लावला आणि पुसताना त्यावर एक डाग पडला. तो कशाचा हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

गिऱ्हाइकं कमी, म्हणून वेळ भरपूर. एका दुपारी तो अनुभव कोपऱ्यात जाऊन बसला (लाभार्थी क्रमांक दोन) आणि अधिकाऱ्याने नोंदीसाठी ठेवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने मांडीवर घेतला. राग असा नव्हता. टेबल नेमकं कुणाकुणाला नको होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. सह्या ओळखीच्या निघाल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीण बाई, ज्यांचा पांढरा कोट दर मंगळवारी त्या टेबलावर असायचा. शाळेचे मास्तर. समोरच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, जिच्या शालूवरचं सरबत बायकोने लग्नाच्या दीड तास आधी घालवलं होतं. मास्तर रस्त्यात भेटले तेव्हा त्याने भीत भीत विचारलं.

"सही? कशावर?" मास्तर म्हणाले. "अरे, मी पावती समजलो. आणि टेबल गेलं म्हणतोस? कमाल आहे! लोकांनी काही बोलायला नको?"

चारशे सतरावी चिठ्ठी कडकने खिडकीच्या उजेडात धरली. वळणदार सही, खाली दोन ठिपके, तारीखही घातलेली. अशी सही करणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

संध्याकाळी मेहुणा आला तशी त्याने ती पुढे केली. "दादा, ही तुमची का हो?"

मेहुण्याने चिठ्ठी घेतली. पुढून वाचली, उलटून पाहिली, पुन्हा पुढून वाचली. तीस वर्षांत त्याचा चेहरा कुठल्याही कागदापुढे असा झाला नसेल.

"कोट न्यायला आलो होतो," तो शेवटी म्हणाला. "रिक्षा थांबलेली... आणि तुम्हीच तर दिलीत, भावोजी." मग खालच्या आवाजात, "बहिणीला सांगू नका. बॅगेची सोडत झाली का?"

सहाशे चाळीसपैकी पाचशे ब्याऐंशी सह्या कडकने आजवर ओळखल्या आहेत. अठ्ठावन्न अजून लागत नाहीत. घाईघाईने ओढलेल्या, नुसती एक लाट आणि शेवटी शेपटी. त्यातली एक तुमची आहे असा आमचा मुळीच आरोप नाही. तुम्ही सही करण्याआधी वाचता, हे आम्ही धरूनच चालतो. तरी सहज आठवून पाहा: मागच्या वेळी कुणीतरी पावतीबरोबर एक चिठ्ठी पुढे केली, तुमच्यामागे चार माणसं खोळंबली होती, आणि पेनही त्यांचंच होतं.